धार भिडवायचा दिवस

भातं झोडून झाली की तलासरीकडच्या आमच्या डोंगरपट्टीत कोयत्यांची परीक्षा होते. ओहळाच्या अलीकडे आमचा पाडा, पलीकडे दुसरा. दोन्हीकडची माणसं कमरेच्या आकडीला कोयता अडकवून कापलेल्या शेतात जमतात. पुढे राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपाची जागा भाजायला, झाडांच्या फांद्या तोडायच्या असतात. त्याआधी कोणाचं हत्यार कसं आहे आणि कोणाचा हात कसा आहे ते बघून घ्यायचं, एवढाच मूळ हेतू. मनगटाएवढा हिरवा बांबू एका घावात तोडायचा. त्याच बांबूची कांबी, म्हणजे पातळ पट्टी, काढायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये न तुटता. ऐनाची फांदी अशी उतरवायची की खोडाची साल सोलली जाऊ नये, कारण साल गेली तर झाड जातं. हे सगळं टिंगलटवाळी करत चालतं. हरलेल्या पाड्याने कोंबडे कापायचे आणि जिंकलेल्यांना बसवून वाढायचं.

शेवटचा खेळ मात्र कोणी हसत खेळत नाही. त्याला आम्ही धार भिडवणं म्हणतो. एक जण ओंडक्यापुढे उकिडवा बसतो. कोयत्याची पाठ ओंडक्यावर टेकवून धार आभाळाकडे करतो आणि मूठ घट्ट धरतो. दुसरा समोर उभा राहतो आणि आपल्या कोयत्याने त्या धारेवर एकच घाव घालतो. लोखंडावर लोखंड आदळतं, ठिणगी उडते, कधी पात्याचा कपचा उडतो. मग दोघांनी जागा बदलायच्या. शेवटी दोन्ही पाडे ज्याला आजा म्हणतात तो म्हातारा दोन्ही धारांवरून नख फिरवतो. नख जिथे जास्त अडकेल तो कोयता हरला. घाव पडतो तिथून बसलेल्या माणसाचं मनगट वीतभरही लांब नसतं. त्याने हात हलवायचा नाही. हात हलवला तर तो हरलाच, आणि पुढे वर्षभर बायकासुद्धा त्याला विचारतात, काय रे, हात आहे का जागेवर?

या खेळाला एक नियम आहे. खेळात रक्त निघालं तर ज्याच्या हातून निघालं त्याने जखमी माणसाच्या घरचं काम उचलायचं. किती दिवस, ते ठरलेलं नाही. जखम भरली असं जखमी माणूस पाड्यासमोर स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत. त्यात पोलीस नाही, भांडण नाही. पण ते रक्त खेळातलं असलं पाहिजे. मुद्दाम काढलेल्या रक्ताला हा नियम लागत नाही. त्याचा हिशेब वेगळा होतो, आणि तो कसा होतो ते आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही.

मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरात पुस्तक नव्हतं, पत्रकं होती. बाबा सायकलवरून पाड्यापाड्यात ती वाटायचे. उरलेली घरी यायची आणि मी त्यांच्यावरून अक्षरं ओळखायला शिकले. पातळ कागद, लाल शाई, घामाचा हात लागला की बोटाला रंग. आई चूल पेटवायला कागद मागायची आणि मी द्यायची नाही. जमीन, जंगल, मजुरी, वेठ हे शब्द मला आधी आले, आणि ससा-कासवाची गोष्ट नंतर. गाडून टाकू, चिरडून टाकू, मोडून काढू ही वाक्यं मी आश्रमशाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत म्हणायची तेव्हा गुरुजी घाबरायचे. आज मी स्वतः पत्रकं लिहिते. त्यातला एक शब्दही मला मागे घ्यायचा नाही. पण हाड मोडतं तेव्हा आवाज कसा येतो हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नसतं.

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो बाबांच्या हाडाचा. गोदामं बांधण्यासाठी एका कंपनीला आमच्या दोन्ही पाड्यांमधली माळरानाची जमीन हवी होती. ती आम्ही कसतो, पण सातबाऱ्यावर नाव लावून घेण्यात आमच्या पिढ्या गेल्या. मोजणीला गाड्या आल्या तेव्हा आम्ही वाटेवर बसलो. पुढे बायका, बायकांच्या पुढे बाबा. कंपनीने सिक्युरिटीला निळ्या कपड्यातली माणसं ठेवली होती. त्यातला एक पलीकडच्या पाड्याचा होता. माझ्या दादाच्या वयाचा, आश्रमशाळेत दादाच्या शेजारी बसून एका ताटात जेवलेला. कांबी काढण्यात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. त्याने काठी उचलली आणि बाबांच्या गळ्याजवळच्या हाडावर मारली. सुकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज आला. बाबांचा उजवा हात त्या दिवसापासून खांद्याच्या वर जात नाही. घोषणा देताना ते आता डाव्या हाताची मूठ वळतात.

त्याच वर्षी, भातं झोडून झाल्यावर, तोच माणूस खेळायला आला.

मी आजाला म्हटलं, "याला परत पाठव. हा आपल्यातला राहिला नाही."

आजा विडी ओढत म्हणाला, "बाय, खेळात येणाऱ्याला आपण कधी अडवलं नाही. तुझ्या बाबाने अडवायला सांगितलं तर अडवतो."

मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "येऊ दे. कोयता घेऊन आलाय, काठी घेऊन नाही."

मला ते पटलं नाही. मारणाऱ्याने रविवारी कपडे बदलले म्हणून तो दुसरा माणूस होत नाही. मी हे मोठ्याने बोलले आणि ते पलीकडच्यांनीही ऐकलं. त्यांच्यातला एक तोंडाळ म्हातारा ओरडला, "ए पोरी, पत्रक फाडून कापणार का गं बांबू?" सगळे हसले. मी आईचा कोयता घेतला आणि बांबू एका घावात तोडला, तिरका, खालचं टोक भाल्यासारखं. "आता तुझी मान आण," मी म्हटलं. म्हाताराच सगळ्यांत जोरात हसला. खेळ असा असतो. पण तो निळ्या कपड्यातला, जो आज साध्या बनियनमध्ये होता, हसला नाही. त्याने कांबी काढायला घेतली. पात्यापुढे बांबू फाटत गेला तसा तो जीभ दातात धरून बसला, लहान मुलासारखा. कांबी अखंड निघाली. हात विसरला नव्हता. मला त्याचाही राग आला.

धार भिडवायला प्रत्येक पाडा आपला एक माणूस देतो. आमच्याकडून दादा जाणार हे ठरलेलं होतं. दादा ताडी काढतो. आमच्या घराला लागून ताडाची झाडं आहेत, हंगामात तो सकाळ-संध्याकाळ त्यांवर चढतो, पायात दोरी, कमरेला मडकं आणि रस गळावा म्हणून कोंब तासायचा पातळ कोयता. घर त्याच्यावर चालतं. त्याच्यासारखा हलका आणि नेमका हात आमच्या बाजूला दुसऱ्याचा नाही. पलीकडून तो निळ्या कपड्यातला पुढे आला. 

आधी बसायची पाळी त्याची आली. त्याने कोयता ओंडक्यावर टेकवला आणि मूठ धरली. दादा समोर उभा राहिला. त्या क्षणी आमच्या सगळ्या पाड्याच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती माझ्या मामाने बोलून टाकली. मामा दादाच्या मागे उभा होता. तो दबक्या आवाजात म्हणाला, "बोटभर सरकव. चुकला म्हणू."

मलाही तेच हवं होतं. त्याचं मनगट मला दिसत होतं, शिरा फुगलेलं. त्याच हाताने काठी उचलली होती.

त्यानेही मामाचं बोलणं ऐकलं. त्याने मान वर केली आणि दादाला म्हणाला, "सरकवायचं तर सरकव रे. पण लवकर. पायाला मुंग्या आल्या."

दादाने कोयता डोक्यामागे नेला.  घाव पडला तो धारेच्या मधोमध. ठिणगी उडाली, कोणीतरी आरडलं, आणि तो माणूस जागचा हलला नव्हता. दादाने थुंकून हात पुसले. मामा म्हणाला, "मूर्ख आहेस." दादा त्याला म्हणाला, "मामा, मारायचं असेल तर मी त्याला रस्त्यात मारीन. ओंडक्यावर नाही."

मग जागा बदलल्या. दादा उकिडवा बसला. तो माणूस समोर उभा राहिला, कोयता वर गेला आणि खाली आला. पण खाली आली ती नुसती मूठ. पातं मुठीतून सुटलं, हवेत एकदा फिरलं आणि दादाच्या अंगठ्याच्या मुळाशी घुसलं.

 दादाने खाली बघितलं. अंगठा होता, पण तो हाताचा वाटत नव्हता. आतलं पांढरं दिसलं आणि मग रक्ताने सगळं झाकलं. आईने डोक्यावरचा पदर ओढून त्याच्या हातावर दाबला. पुढच्याच क्षणी आमच्या पाड्याचे सगळे कोयते आकड्यांतून बाहेर आले.

पहिला मामा धावला. त्याने बांबूच्या तुकड्याने त्या माणसाच्या तोंडावर मारलं. दात तुटल्याचं दिसलं. तो पडला तसे आणखी चार जण त्याच्यावर पडले. लाथा, बुक्के, बांबू. पलीकडचे त्याला सोडवायला आले, त्यांच्यावरही बांबू पडले. आमच्यातला एक जण कोयता उलटा धरून त्याच्या पाठीवर मारत होता, आणि प्रत्येक घावाला कोयता जरासा आडवा होत चालला होता. आणखी थोडं झालं असतं तर धार लागली असती. सगळ्या बाजूंनी एकच ओरडा होता: "मुद्दाम केलं! मुद्दाम केलं! बापाला मारलं, आता पोराला!"

मूठ माझ्या पायाशी येऊन पडली होती. मी ती उचलली. सागाची मूठ, पण पोकळ असावी तशी हलकी. तिच्यात पात्याची शेपटी बसते ते भोक मी बघितलं आणि त्यात करंगळी घातली. करंगळी आत गेली. मूठ उलटी केली तर धुळीसारखा भुसा सांडला.

आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं की कोयता बरेच दिवस वापरला नाही तर मुठीचं लाकूड वाळतं, आखडतं आणि पातं सैल होतं. रोज हातात असलेल्या कोयत्याची मूठ घामानेच फुगलेली राहते. पडून राहिलेला कोयता वापरायचा तर आदल्या दिवशी मूठ पाण्यात बुडवून ठेवतात. त्याचा कोयता वर्षभर चुलीवरच्या धुरात टांगलेला होता. तो काठी घेऊन कंपनीच्या गेटवर उभा राहत होता. तो भिजवायचं विसरला. बांबू आणि कांबीला मूठ कशीबशी टिकली, धार भिडवायच्या घावाला टिकली नाही.

एवढं मला कळलं आणि त्या जमावात ते फक्त मलाच कळलं होतं. मूठ ओहळात टाकली असती तर कोणी शोधली नसती. तो मेला असता किंवा लंगडा झाला असता, आणि बाबांच्या हाडाचा हिशेब झाला असता. पण मग ते खोटं झालं असतं. सातबाऱ्यावर खोटी नावं घालणाऱ्यांविरुद्ध आम्ही आयुष्यभर ओरडतो. माझ्यासमोर खोटं घडत असताना मी गप्प बसणार नव्हते.

मी मूठ वर धरून त्या गर्दीत घुसले. "सुकी मूठ आहे! सुकी मूठ! बघा!" कोणी ऐकत नव्हतं. एक बांबू माझ्या दंडावर बसला. मी त्या माणसाच्या अंगावर आडवी पडले, कारण दुसरा उपाय नव्हता. त्याच्या तोंडातलं रक्त माझ्या गळ्याला लागलं. मामाने मला केसाला धरून ओढलं आणि मी मूठ त्याच्या तोंडासमोर धरली. "बोट घाल! बोट घालून बघ आणि मग मार!"

मामाने बोट घातलं. तो थांबला. मग आजा आला. त्यानेही बोट घातलं, भुसा तळहातावर घेतला, फुंकला. "असं कोण विसरतं?" कोणीतरी विचारलं.

"वर्षभर काठी धरणारा विसरतो," मी म्हटलं.

आजा म्हणाला, "खेळातलं रक्त आहे." आणि कोयते हळूहळू आकड्यांत गेले.

दादाला रिक्षात घालून डहाणूला नेलं. सरावलीच्या पुढे रस्ता खराब आहे, प्रत्येक खड्ड्याला आईचा पदर नव्याने भिजत होता. दवाखान्यात डॉक्टरने टाके घातले आणि सांगितलं की आतली शीर तुटली आहे, अंगठा पूर्वीसारखा वळेल याची खात्री नाही. दादाने एवढंच विचारलं, "दोरी धरता येईल?" डॉक्टर म्हणाला, बघू.

नियम लागू झाला. तो माणूस आमच्या घरी आला. एक डोळा सुजून बंद, पुढचे दात नाहीत, एक बरगडी बांधलेली. मी दारातच उभी होते. तो म्हणाला, "बाय, मडकी कुठे ठेवता?" मी बोट दाखवलं. पाणी विचारलं नाही. तू बोललीस म्हणून तो जिवंत आहे, असं आई नंतर म्हणाली. मी म्हटलं, मी त्याच्यासाठी बोलले नाही.

बरगडी बांधलेली असताना तो ताडावर चढायचा. दादा खाटेवर बसून खालून शिव्या द्यायचा. "अरे कोंब तासतोस की दाढी करतोस? पातळ घे! पातळ! गेटवर उभं राहून हात जड झाला का?" वरून आवाज यायचा, "दात नाहीत रे, नाहीतर उत्तर दिलं असतं." कधीकधी दादा हसायचा. मला ते हसणं आवडत नव्हतं. मडकी भरत होती, ताडी विकली जात होती, बाबा जेवायला बसले की त्यालाही बोलावत होते. तो सकाळी आमच्या झाडांवर असायचा आणि दुपारी निळे कपडे घालून गेटवर. मी एकदा त्याला सरळ विचारलं, "नोकरी सोडणार का?"

"सोडली तर पोरांना काय घालू?"

"माझ्या बापाला मारलंस ते चुकलं म्हणशील?"

तो दोरी गुंडाळत राहिला. "ऑर्डर होती," म्हणाला.

मला त्या शब्दाची जेवढी चीड आहे तेवढी कुठल्याच शिवीची नाही. मी त्याच रात्री नवं पत्रक लिहायला बसले आणि त्यात त्या शब्दावर एक अख्खा परिच्छेद लिहिला.

मोजणीच्या गाड्या परत आल्या. आम्ही परत वाटेवर बसलो. या वेळी पुढे मी होते. निळ्या कपड्यांची रांग समोर उभी राहिली आणि त्यात तो होता, आमच्या ताडाच्या चिकाचे डाग अजून हातावर. आमची नजरानजर झाली. मला वाटलं, आता हा मागे सरकेल. मी त्याच्या अंगावर आडवी पडले होते. त्याचं रक्त माझ्या गळ्याला लागलं होतं. शिट्टी वाजली. तो पुढे आला आणि त्याने काठी मारली. कोपराच्या खाली, पूर्ण जोराने. हलक्या हाताने मारली असती तरी मला कळलं असतं. तशी मारली नाही. दुसरी माझ्या शेजारच्या काकूच्या पाठीत बसली. काकू तोंडावर पडल्या, दगडाने त्यांचं कपाळ फुटलं. आम्ही उठलो नाही. गाड्या संध्याकाळपर्यंत उभ्या राहिल्या आणि परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या वेळेला आमच्या दारात आला. मडकी घ्यायला वाकला.

दादा खाटेवरून उठला. त्याने माझ्या हाताकडे बघितलं. तो कोपरापासून बोटांपर्यंत काळानिळा झाला होता आणि मला भाकरी मोडता येत नव्हती. मग दादाने दाताने आपल्या हातावरचं फडकं सोडलं आणि अंगणात जाऊन शेजारच्यांना मोठ्याने हाका मारल्या. मामा आला, काकू कपाळाला पट्टी बांधून आल्या, आजाला कोणीतरी धरून आणलं. सगळे जमल्यावर दादा म्हणाला, "माझी जखम भरली. सगळ्यांनी ऐका. भरली."

"अरे, अंगठा तर वळतसुद्धा नाही," तो माणूस म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मी अजून महिना—"

"भरली म्हटलं ना."

दादाने त्याच्या हातातून ताडीचा कोयता घेतला. अंगठ्यात धरता येईना, म्हणून दोन बोटांच्या मध्ये दाबून धरला. पायात दोरी घातली आणि झाडाला भिडला. अर्ध्यावर त्याचा हात सुटला. आई ओरडली. त्याने छातीने खोडाला मिठी मारली, गाल खोडाला घासला, आणि परत वर सरकायला लागला. खोडावर त्याच्या हाताचे लाल ठसे उमटत गेले. वर पोचल्यावर तो बराच वेळ नुसता बसून राहिला. मग कोंब तासल्याचा आवाज आला.

खाली तो माणूस मान वर करून उभा होता, हात पुढे केलेले, वरून कोणी पडलं तर झेलायचे असावेत तसे.

आईने जमिनीवरची रिकामी मडकी गोळा केली आणि त्याच्यासमोरून घरात नेली. दारातून वळून म्हणाली, "जा आता. तुझी ड्युटी असेल."